एका मेंढ्याची गिटार

शिंक आल्यामुळे काम जायची वेळ आलेला मी लासुर्ण्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी बारामतीच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. बेस गिटार म्हणजे ती चार तारांची, लांब मानेची, जिचा आवाज कानाला नीटसा कळत नाही पण पोटात घुमतो, ती. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात आणि बेसवाल्याला जेवण मिळतं. तेवढ्यावर मी खूश होतो. आठवडाभर उसाला पाणी द्यायचं आणि लग्नसराईत चकचकीत शर्ट घालून स्टेजवर उभं राहायचं. गावात मला 'गिटारवाले सोपानराव' म्हणत. ते ऐकलं की मी उगाचच पुन्हा एकदा त्याच रस्त्यावरून जात असे.

माझी गिटार भरीव लाकडाची होती, एका अखंड फळीतून कापून काढलेली. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एकदा हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

"जू हाय का काय रं ह्ये? बैलाच्या मानंवर दिलं तर बैल बसंल."

बैल बसायच्या आधी मीच बसलो. एका लग्नात आचाऱ्याने स्टेजच्या मागेच लाल मिरचीची फोडणी दिली. मला शिंक आली. गळ्यात गिटार, कंबर जराशी वाकलेली, अशा अवस्थेत ती शिंक बाहेर पडली आणि कमरेत 'कट्' झालं. मी होतो तसाच अडकलो. वर येता येईना, खाली बसता येईना. लोकांना वाटलं, नाचाची नवी तऱ्हा आहे! पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि चार-पाच जण माझ्यासारखेच वाकून नाचायला लागले. (ती तऱ्हा पुढे आमच्या भागात दोन लग्नसराया चालली, असं मला नंतर कळलं.) गाणं संपल्यावर मला त्याच आकारात उचलून टेम्पोत ठेवलं आणि बारामतीला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "वजन उचलायचं नाही."

"मी कुठं वजन उचलतो? गिटार वाजवतो."

"किती किलोची?"

"पाच-साडेपाच असेल."

"आणि किती वेळ?"

"तीन तास."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्यापेक्षा हमाली करा. हमाल पोतं मध्ये खाली तरी ठेवतात."

तिसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राचे मालक रमेशराव केळी घेऊन भेटायला आले. केळी घेऊन आलेला मालक काही चांगलं सांगत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"सोपानराव, आता निवांत आराम करा."

"किती दिवस?"

"करा की. घाई काय आहे? विनय आहे ना."

विनय हा आमचा कीबोर्डवाला. नुकताच नवा कीबोर्ड घेतलेला. त्या यंत्रात सनई होती, बासरी होती, बारा व्हायोलिनं होती, आणि डाव्या बाजूच्या पट्ट्या दाबल्या की बेस गिटारही होती. माझी दहा वर्षांची मेहनत विनयच्या डाव्या हाताच्या तीन बोटांत मावत होती, आणि उजव्या हाताने तो त्याच वेळी चहा पिऊ शकत होता. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी हात जोडले. रमेशराव मनाने वाईट नव्हते. शेवटी ते म्हणाले, "वैशाखात बावड्याला मोठं लग्न आहे. तिथं पूर्ण तीन तास उभं राहून वाजवून दाखवा. दाखवलंत तर जागा तुमची. नाही जमलं तर माझा नाइलाज आहे."

बावड्याच्या लग्नाला सव्वा महिना होता. मला हलकी बेस गिटार शोधणं भाग होतं.

बारामतीच्या बाजारपेठेत वाद्यांचं एक दुकान होतं. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं. "पेटी आहे, मृदंग आहे, टाळ आहेत. हलकंच पाहिजे असेल तर चिपळ्या घ्या," तो म्हणाला. तिथूनच पुण्याला फोन लावला. पुण्याच्या दुकानदाराने सांगितलं, अशी गिटार असते. सेमी-हॉलो म्हणतात. मधे लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळ, त्यामुळे वजन निम्मं. पण बेसमध्ये फार कुणी घेत नाही, मागवावी लागेल, चार-सहा महिने धरून चाला.

मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलो. तात्यांनी मात्र गप्प बसायचं नाही असं ठरवलं. मेंढरू हरवलं की चार बाजारांत निरोप ठेवायचा आणि घरी येऊन वाट बघायची, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत. गिटारही त्यांनी तशीच शोधायला घेतली. इंदापूरपासून भिगवणपर्यंत त्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं, "पोराला हलकं वाजवायचं पायजे. आतनं पोकळ."

आठवडाभरात आमच्या दारात पोकळ वस्तूंची रांग लागली. एक जण एकतारी घेऊन आला. एकाने निम्म्या पट्ट्या गेलेला बुलबुलतरंग आणला. एक गृहस्थ चांगला पोसलेला भोपळा घेऊन आले, म्हणाले, वाळवा आणि तारा लावा. इंदापूरहून निरोप आला की अगदी हलकी गिटार आहे, तीन-चारशे ग्रॅमसुद्धा भरणार नाही. मी कमरेला पट्टा बांधून यष्टीने गेलो. ती प्लास्टिकची होती, सेलवर चालायची, आणि तिच्या पोटातला दिवा लाल-हिरवा लागायचा. मालक चार वर्षांचा होता आणि द्यायला तयार नव्हता.

मग एके दिवशी तात्या भिगवणहून मासे घेऊन आले. पिशवी आईच्या हातात देता देता म्हणाले, "घावली."

भिगवण स्टेशनच्या मागे डिसोझासाहेब राहायचे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी दौंडला रेल्वेच्या क्लबात नाचगाण्याच्या बँडमध्ये वाजवायचे. आता उजनीच्या पाण्यात गळ टाकून बसायचे. मासेवाल्याने तात्यांना सांगितलं होतं की साहेबांच्या घरात पेटीत एक तांबडी गिटार आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथं हजर.

साहेबांनी काळी पेटी उघडली. आत मखमलीवर ती निजली होती. तांबूस, गुळगुळीत, आणि छातीवर व्हायोलिनला असतात तशी दोन नागमोडी भोकं. मी पट्टा गळ्यात अडकवला आणि वाट बघितली. कमरेत काही झालं नाही. गळ्यात टॉवेल टाकल्यासारखं वाटलं. मला एकदम रडू आलं आणि ते लपवायला मी तारा लावायला लागलो.

"दे हिकडं," तात्या म्हणाले.

तात्यांनी आयुष्यभर मेंढरं पारखली होती. त्यांनी गिटार दोन्ही हातांनी उचलून तोलली. पाठीवरून अंगठा दाबत नेला. मान वळवून बघितली. शेवटी बोटाने टकटक केलं आणि माझ्या कानाशी आले. "पोरा, आतनं पोखरलीया. किडीनं खाल्लंय. भोकं बी पडल्यात बघ, दोन."

"तात्या, ती तशीच असते."

डिसोझासाहेबांनी ऐकलं होतं. "काका, तिला सेमी-हॉलो बोलतात. अर्धी पोकळ, अर्धी भरीव."

"व्हय?" तात्या म्हणाले. "मंग पैसे बी अर्धेच."

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. डोळे पुसून ते म्हणाले, "पैशाला मी ती देणारच नाय. कितीतरी लोक येऊन गेले. वाजवणारा माणूस पायजे. वाजव रे तू."

मी वाजवलं. बिनविजेचं, हळूच, पोटाशी धरून. साहेब खिडकीबाहेर पाण्याकडे बघत राहिले. माझं झाल्यावर म्हणाले, "ठीक वाजवतो. पण फुकट दिलं तर तू तिला जपणार नाय. काहीतरी दे. तुला जे सोडायला जड जाईल ते."

मी विचारात पडलो. तात्यांनी विचारच केला नाही. "मेंढा चालंल?"

आमच्याकडे पूर्वी दोनशे मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. तात्यांनी हौसेखातर पाच ठेवली होती, आणि त्यांत हा मेंढा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याला ते रोज हाताने मका चारायचे. आईला त्यांनी कधी 'जेवलीस का' विचारलेलं मी ऐकलं नाही; मेंढ्याला दोनदा विचारायचे. दोन दिवसांनी तो मेंढा टेम्पोतून भिगवणला गेला आणि गिटार लासुर्ण्याला आली. चाळीस किलो देऊन तीन किलो आणले. आमच्या घराण्यात वजनाचा असा व्यवहार कधी झाला नव्हता. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. "भूक न्हाय," म्हणाले आणि गोठ्याकडे पाठ करून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बावड्याला मी हरलो तर विनयच्या डाव्या हातापुढे माझ्याबरोबर तात्यांचा मेंढाही हरणार होता.

आता मूळ घोटाळा सांगतो.

आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की ती आधी देवापुढे जाते आणि तिच्यावर भंडारा उधळला जातो. भंडारा म्हणजे देवाची हळद. ट्रॅक्टर आला, भंडारा. विहिरीवर मोटर आली, भंडारा. टीव्ही आला तेव्हा इतका भंडारा पडला की पहिले आठ दिवस बातम्या देणाऱ्या बाईला कावीळ झालीय असं वाटायचं. मेंढा देऊन आणलेली वस्तू म्हटल्यावर तर सगळी भावकी जमली. प्रत्येकाच्या मुठीत भंडारा. आईने गिटारीला कुंकू लावलं, तात्यांनी मानेला काळा दोरा बांधला आणि 'येळकोट येळकोट' सुरू झालं.

या वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं? भोकांवर फडकं टाकलं असतं. मी काय केलं? गिटार किती हलकी आहे हे दाखवायला ती दोन बोटांवर आडवी तोलून धरली. भोकं आकाशाकडे! भावकीतल्या चाळीस माणसांनी मुठी रिकाम्या केल्या.

दुसऱ्या दिवशी गिटार उचलली तर ती मला पावशेर जड वाटली. मी तिला उपडी करून हलवायला लागलो तशी आई धावत आली.

"आरं, द्येवाचा भंडारा असा उकिरड्यावर झाडतुयास व्हय?"

मग मी आई देवळात गेल्याचं बघून सायकलचा पंप आणला आणि एका भोकात हवा मारली. दुसरं भोक नेमकं माझ्या तोंडासमोर होतं. आई परत आली तेव्हा मी नवरदेवासारखा पिवळा होऊन बसलो होतो. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे आत. पाठीशी असंल." मी एकदा भोकाला डोळा लावून बघितलं. काही दिसलं नाही, म्हणून मनाशी ठरवून टाकलं की साफ झालं. (अंधारात हळद दिसत नाही, हे काही तेव्हा सुचलं नाही.) विजेवर वाजवून बघायला घरी स्पीकरही नव्हता.

बावड्याला दुपारी बारा चाळीसचा मुहूर्त होता. अक्षता पडल्या आणि जेवणाच्या पंगतींबरोबर आमचा कार्यक्रम सुरू झाला. लग्न आमच्याच समाजातलं, लांबच्या नात्यातलं, त्यामुळे तात्या आणि आई माझा पराक्रम बघायला पंगतीत समोरच बसले होते. माझ्या पाठीमागे माणसाएवढे दोन स्पीकर. रमेशरावांनी मला बघून घड्याळात बघितलं. विनय कीबोर्डवर हात ठेवून तयार होता, दोन्ही.

पहिलं गाणं उत्तम गेलं. कंबर ठीक, सूर ठीक. दुसऱ्या गाण्याला रमेशरावांनी आवाज वाढवला. माझ्या गिटारीतून आधी 'खर्र' असं काहीतरी आलं. मी घाबरलो. पण लगेच तो आवाज गेला आणि त्यानंतर जो बेस घुमायला लागला, काय सांगू! भरदार, गोल, एकही सूर इकडेतिकडे नाही. मी इतका सुंदर कधीच वाजवला नव्हता. डोळे मिटून मी मनात डिसोझासाहेबांना नमस्कार केला.

डोळे उघडले तर समोर पिवळं धुकं.

ठेका पडला की भोकातून 'फूस्'. पुन्हा ठेका, पुन्हा 'फूस्'. पहिला लोट गाणाऱ्या बाईंच्या उघड्या तोंडात गेला. त्या खोकत खाली बसल्या. दुसरा नवरदेवाच्या पांढऱ्या सफारीवर. तिसरा थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात. रमेशराव दोन्ही हात हलवून मला थांबायला सांगत होते आणि मी आपला, आणखी जोरात वाजवा म्हणतायत असं समजून, आणखी जोरात.

तेवढ्यात पंगतीत कुणीतरी उभं राहिलं आणि खणखणीत आवाजात "येळकोट येळकोट" म्हणालं. सगळ्या मांडवाने "जय मल्हार" म्हटलं. वरातीसाठी आलेल्या गजी नाचाच्या ढोलवाल्यांनी जेवता जेवता डाव्या हाताने ढोल ओढले. एका म्हाताऱ्या बाईंच्या अंगात आलं. रमेशराव वायर उपटायला धावले, पण त्यांच्या आधी नवरदेवाचे आजोबा स्टेजवर चढले होते. त्यांनी पागोटं काढून गिटारीपुढे डोकं टेकवलं आणि रमेशरावांकडे वळून म्हणाले, "बंद करायचं न्हाय. मी सांगतो तवर बंद करायचं न्हाय."

मग रांग लागली. पुढे नारळ ठेवले गेले. तात्या अर्ध्या जेवणावरून उठून स्टेजजवळ आले आणि देवळातल्यासारखी माणसं सोडायला लागले.

"एकेक जण या. तारंला हात लावू नगा. लेकरं पुढं घ्या."

"तात्या, कुठनं आणली वो ही?"

"भिगवणातनं. मेंढा दिऊन."

"म्हंजी नवसाचीच हाय की!"

तात्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण मेंढा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं तोंड उजळलेलं मी बघितलं, आणि मला बाकी कशाचं काही वाटेनासं झालं.

आजोबांनी चारच्या सुमाराला बंद करायला सांगितलं. मी पूर्ण तीन तास उभा होतो. कंबर साबूत! मी हळदीने माखलेला स्टेजवरून उतरलो आणि रमेशरावांसमोर जाऊन छाती काढून उभा राहिलो.

"बघितलंत ना? तीन तास. आणि आवाज ऐकलात? असा बेस ऐकला होता कधी?"

रमेशरावांनी विनयकडे बघितलं. विनय बिचारा सभ्य पोरगा. त्याने वायरीची पिन पुढे केली. पिनेवर हळदीचा जाड थर बसला होता.

"दादा, तुमचा आवाज दुसऱ्या गाण्यालाच बंद पडला. मग मी डाव्या हातानं धरून नेलं."

"तीन तास?"

"हो."

"आणि भंडारा?"

"तो स्पीकरच्या धक्क्यानं उडत होता. मी खालचा सूर दाबला की तुमच्या गिटारीतून यायचा." त्याने समजूत घातली, "पण तुमची बोटं अगदी बरोबर पडत होती."

मी रमेशरावांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता ते केळी काढणार, असं वाटलं. पण त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. मांडवातल्या चार यजमानांनी त्यांना तिथल्या तिथे पुढच्या तारखा दिल्या होत्या. चौघांचीही एकच अट होती.

"सोपानराव, जागा तुमची," ते म्हणाले. "फक्त येताना भंडारा भरून आणत जा. आणि वायर लावू नका, उगाच खरखर होते."

ती लग्नसराई मी बिनवायरीची वाजवली. मनापासून, एकही सूर न चुकवता वाजवली, कारण कुणाला ऐकू येत नसलं तरी मेंढा खरा होता. गावोगाव माझ्यापुढे नारळ फुटले. सीझनच्या शेवटी इंदापूरचं एक लग्न आलं आणि नेमका मी तापाने फणफणलो. टेम्पो दारात आला. रमेशरावांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, चुकचुकले आणि म्हणाले, "मग निदान गिटार तरी द्या."

आईने भंडारा भरून दिला. गिटार एकटीच गेली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या गळ्यात हार होता आणि अंगावर शाल. विनयने स्पीकरसमोर खुर्चीवर तिला उभी केली होती म्हणे. कार्यक्रम फारच रंगला होता. मी अंथरुणावर उठून बसलो.

"माझी चौकशी केली का कुणी?"

"केली की," रमेशराव म्हणाले. "एक आजी विचारत होत्या, दर वेळी मधे एक माणूस उभा असतो, तो आज नाही का?"

माझा निम्मा ताप उतरला. "मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, आजारी आहे. तर म्हणाल्या, बरं झालं, आज दर्शन नीट झालं."